शिबिर एका दिवसाचं, गोळी रोजची

पत्र : विक्रोळीच्या एका कंपनीत मी नोकरी करते. आमच्या मजल्यावर साफसफाईला येणाऱ्या मावशींना गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. वय ४६. त्या गोवंडीला शिवाजीनगरात राहतात. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका शिबिरात त्यांना ‘बीपी आहे, दवाखान्यात दाखवा’ असं सांगितलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या गेल्याच नव्हत्या. आता आम्ही २८ जणांनी मिळून त्या वस्तीसाठी काहीतरी करायचं ठरवलंय. कंपनी २ लाख रुपये द्यायला तयार आहे, पण सीएसआर (कंपनीचा समाजकार्यावरचा खर्च पाहणाऱ्या) विभागाचं म्हणणं आहे की एक मोठं आरोग्य शिबिर घ्या, ५०० जणांची तपासणी करा. आमच्यात डॉक्टर कुणीच नाही. शिबिर नीट कसं घ्यावं, ते सांगाल का? – एक वाचक, विक्रोळी

उत्तर :

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मावशींचं बीपी शिबिरात सापडलं होतं. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांना दवाखान्यापर्यंत नेणारं आणि गोळी चालू आहे ना हे विचारणारं कुणी नव्हतं. आणखी एक शिबिर घेतलंत तर अशा आणखी दीडशे मावशी तुम्हाला सापडतील आणि पुन्हा तिथेच सुटतील. म्हणून शिबिर घेऊ नका. तेच २ लाख आणि तेच २८ जण वर्षभर पाठपुराव्याला लावा. पाचशे नव्हे, शंभर-सव्वाशे माणसं धरा आणि वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं, ते मोजा.

वस्तीत हा आजार किती असेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत मुंबईतल्या प्रौढांपैकी ३४ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला होता. तुम्ही अडीचशे घरं घेतलीत तर साधारण हजार-बाराशे माणसं होतात. त्यात तिशीच्या पुढची चारशे-साडेचारशे धरली तर सव्वाशेच्या आसपास रुग्ण निघतील. २८ जणांना पेलेल इतकंच हे काम आहे. त्याहून मोठं करू नका. उत्साहात पसारा वाढतो आणि चौथ्या महिन्यात फोन करायलाच कुणी उरत नाही. २८ मधले आठ-दहा जण गळतील हे धरूनच आखणी करा : १८ जण, प्रत्येकाकडे सहा-सात रुग्ण.

पहिल्या महिन्यात बीपीचं मशीन विकत घेऊ नका, वस्तीत फलकही लावू नका. आधी एम पूर्व विभागाच्या कार्यालयात आरोग्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन भेटा आणि तुमची गल्ली ज्या हेल्थ पोस्टखाली (महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राखाली) येते तिथे जा. महापालिकेच्या आरोग्य सेविका आणि आशा घरोघरी फिरतात, तिशीवरच्या लोकांचे सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका पाहणारी प्रश्नावली) भरतात, बीपीसाठी दवाखान्यात पाठवतात. म्हणजे यादीचा मोठा भाग तयार आहे. आपण येऊन नवा सर्व्हे केला तर लोक वैतागतात (‘कितने बार लिखोगे?’ हे ऐकावंच लागतं) आणि सेविकांना वाटतं की कुणी आपलं काम तपासायला आलंय. त्यांना सांगा, ‘तुमच्या यादीतले जे परत येत नाहीत, त्यांच्यामागे आम्ही लागतो.’ एकेका सेविकेकडे शेकडो घरं असतात. त्यामुळे ही मदत त्यांना खरोखर हवी असते. यादी मात्र त्यांच्याकडून फोटो काढून घेऊ नका. सेविकेने आधी त्या माणसाला विचारावं, त्याने हो म्हटल्यावरच नाव तुमच्याकडे यावं.

त्याच भेटीत दवाखान्याच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम या बीपीच्या गोळ्यांचा साठा सध्या किती दिवसांचा आहे? एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या देता? संध्याकाळी ओपीडी असते का? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. गोळ्या आठ-दहा दिवसांच्याच मिळत असतील तर माणसाला महिन्यातून तीनदा रांगेत उभं राहावं लागतं. नाक्यावर रोजंदारीला जाणाऱ्याची तितक्या दिवसांची दिहाडी बुडते आणि दुसऱ्या महिन्यात तो यायचा बंद होतो. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात स्थिर रुग्णाला ३० दिवसांची औषधं देण्यावर भर आहे. डॉक्टरांशी नम्रपणे हाच मुद्दा लावून धरा. साठ्याची अडचण असेल तर तुमच्या यादीतल्या रुग्णांची संख्या आणि महिन्याला लागणाऱ्या गोळ्या त्यांना लिहून द्या, म्हणजे मागणी पत्रात त्यांना आकडा टाकता येतो. संध्याकाळसाठी महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ पाहा. त्यातले बरेच दवाखाने दुपारी ३ ते रात्री १० सुरू असतात. तुमच्या गल्लीजवळच्या दवाखान्याची वेळ स्वतः जाऊन पाहून या.

आता सुईबद्दल. शुगर तपासायचा मोह होईल, कारण ग्लुकोमीटर स्वस्त आहे आणि आकडा लगेच दिसतो. तुम्ही त्याला हात लावू नका. बोटाला टोचणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. वापरलेली सुई, रक्ताचा कापूस आणि पट्टी हा जैववैद्यकीय कचरा आहे आणि २०१६ चे नियम शिबिरांनाही लागू होतात : सुई न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत आणि पुढे अधिकृत संस्थेकडे. देवनार डंपिंगला खेटून राहणाऱ्या वस्तीत कचरा वेचून जगणारी माणसं आहेत. तिथे एक सुई चुकून साध्या पिशवीत गेली तर ती कुणाच्या हातात घुसेल हे सांगायला नको. शिवाय जेवून, हात न धुता आलेल्या माणसाच्या बोटावर साखर असते आणि आकडा खोटाच वर जातो. आपला दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या मोफत होतात. माणसाला तिथपर्यंत न्या, पुढचं दवाखाना पाहील.

बीपी मात्र तुम्ही मोजू शकता, पण शिकून. दवाखान्यातल्या परिचारिकेकडून अर्ध्या दिवसाची दोन प्रशिक्षणं घ्या. दंडाला बांधायची स्वयंचलित मशीन चार पुरतात, मनगटावरची घेऊ नका. चुका बहुतेक ठरलेल्या असतात. माणूस जिना चढून आला आणि लगेच पट्टा बांधला, तर पाच मिनिटं तरी बसू द्यायला हवं होतं. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू किंवा मिशरी झालेली असेल तर थांबा. मिशरीचं मुद्दाम विचारा, ‘तंबाखू खाता का?’ला बायका नाही म्हणतात आणि ते खरंही असतं, कारण त्यांच्या लेखी मिशरी म्हणजे दात घासणं. लघवी तुंबलेली असेल तर आकडा वर जातो. वस्तीत शौचालय लांब असतं, म्हणून हे आधी विचारा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या पातळीला उशीवर. हात लोंबकळत राहिला तर वरचा आकडा दहा किंवा त्याहून जास्त वाढू शकतो. पट्टा उघड्या दंडावरच हवा. ब्लाउजची किंवा कुर्त्याची बाही गुंडाळून दंड आवळला की तेही चुकतं, म्हणून मोजायला महिला आणि आडोसा हवाच. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला तर आकडा खोटा वर दाखवतो. चार मशीनबरोबर मोठे पट्टे दोन तरी ठेवा आणि दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर तेच वापरा. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा आणि गोल आकडे टाळा. नोंदवहीत सगळीकडे १४०, १५०, १६० दिसले तर समजा, मोजणाऱ्याने अंदाजाने लिहिलंय. सहा महिन्यांतून एकदा आपली मशीन दवाखान्यातल्या मशीनशी जुळवून पाहा.

एका मोजणीवरून कुणालाही ‘तुम्हाला बीपी आहे’ असं म्हणू नका. १४०/९० किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून दवाखान्याची चिठ्ठी द्या. १६०/१०० किंवा वर असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर. १८०/११० किंवा वर असेल तर त्याच दिवशी, रिक्षाने आणि सोबत कुणीतरी. त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर दवाखान्याची वाट न धरता १०८ ला फोन करा आणि रुग्णालय. हे तीन आकडे आणि ही लक्षणं मशीनच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.

पाठपुरावा म्हणजे नेमकं काय, ते आता. गोळी सुरू झाल्यावर प्रत्येक रुग्णाला एक जाड कागदाचं कार्ड द्या, मराठी आणि हिंदीत, आणि शिवाजीनगर-बैंगनवाडीत उर्दूतही. त्यावर तारीख, बीपी, गोळीचं नाव आणि पुढची तारीख. कार्ड रुग्णाकडेच राहतं, कारण माणूस गावी जातो, घर बदलतं, फोन नंबर तर दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमच्या वहीत नाव, पर्यायी नंबर (शेजारणीचा घ्याच) आणि पुढची तारीख इतकंच पुरतं. आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. ऑफिसमध्ये तर मुळीच नाहीत, कारण यादीतली काही माणसं तुमच्याच इमारतीत कंत्राटी कामाला असतात आणि आजार कळला की कंत्राटदार काम काढून घेईल ही भीती त्यांना खरीच असते.

पुढच्या तारखेच्या दोन दिवस आधी फोन. तारीख चुकली तर तीन दिवसांत दुसरा फोन, आठवड्यात घरी भेट. फोनवर ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘पाकिटात किती उरल्या?’ १ तारखेपासून ३० गोळ्या सुरू केल्या असतील तर २० तारखेच्या रात्री १० उरायला हव्यात. १८ निघाल्या तर आठ दिवस चुकले, आणि मग भांडण न करता पुढचा प्रश्न : का?

या ‘का’ची उत्तरं ऐकण्यातच तुमचं खरं काम आहे. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘आता बरं वाटतंय’. बीपीला बहुतेकदा लक्षणंच नसतात, त्यामुळे बरं वाटणं म्हणजे बीपी उतरलं असं नाही, आणि उतरलं असेल तर ते गोळीने. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते आणि माणूस कुणाला न सांगता गोळी सोडतो. डॉक्टर बदलून देतात, पण त्यांना कळायला हवं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर बायका ती टाळतात, कारण सार्वजनिक शौचालयाला प्रत्येक वेळी पैसे पडतात आणि अंधारात तिथे जायची भीती वाटते. ही गोष्ट त्या डॉक्टरांना सांगत नाहीत, तुमच्यातल्या एखादीला सांगतील, आणि मग गोळीची वेळ सकाळची करता येते किंवा गोळीच बदलता येते. सोबत मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेऊन मळमळतं म्हणून ती बंद होते. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा मोडतात. त्यासाठी महिना सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांकडून सहरी-इफ्तारीच्या वेळा लिहून घ्या. मधुमेहाच्या रुग्णासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर दिवसभर उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मे महिन्यात आणि सणांना अर्धी गल्ली उत्तर प्रदेशात नाहीतर मराठवाड्यात गेलेली असते. जाण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, ते विचारा. डोस मात्र तुम्ही कधीही वाढवू-कमी करू नका, आणि ऑफिसात उरलेल्या गोळ्या गोळा करून वाटू नका. दवाखान्यात साठा संपला तर त्याच चिठ्ठीवर जनऔषधी केंद्रातून तीच औषधं थोडक्या पैशांत मिळतात.

मिठाबद्दल भाषणं देऊ नका. स्वयंपाक कुणाचा, मीठ कोण घालतं, हे पाहून एकच गोष्ट सुचवा : वरून मीठ नाही, नाहीतर पापड-लोणचं रोज नाही. तंबाखू सोडायची इच्छा कुणी बोलून दाखवली तर १८००-११२-३५६ हा मोफत नंबर जागेवरच लावून द्या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम यातलं काही दिसलं तर टीबीच्या तपासणीला पाठवा. दाटीवाटीच्या, वारा न खेळणाऱ्या घरांत टीबी खूप आहे आणि मधुमेह असेल तर तो लवकर पकडतो. तुमच्यातल्या ज्यांना शनिवारी वस्तीत येणं जमत नाही, त्यांना ‘निक्षय मित्र’, म्हणजे टीबीच्या रुग्णाला दरमहा शिधा देणारे दाते, होता येईल. एका प्रौढ रुग्णाला महिन्याला साधारण ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि १ किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे, असं किमान सहा महिने. रुग्णाची संमती त्यात आवश्यक असते. आणि शिध्याची टोपली देतानाचा फोटो काढू नका, कितीही मागितला तरी. त्या फोटोमुळे एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडू शकतं.

पैशांचा हिशेब असा मांडता येईल. मशीन ४, साधारण १०,००० रुपये. मोठे पट्टे २,०००. सेल वर्षभराचे २,०००. कार्डं आणि वह्या ४,०००. प्रशिक्षण ६,०००. रिक्षाभाडं महिन्याला १,५०० धरून १८,०००. आणि सगळ्यात मोठा खर्च : गल्लीतल्याच दोन महिलांना महिन्याला प्रत्येकी ५,५०० रुपये मानधन, वर्षाचे १,३२,०००. एकूण १,७४,०००, बाकीचे अडीअडचणीला. तंबू, टी-शर्ट, बॅनर, स्मृतिचिन्हं यातलं काहीही नाही. मानधनाला सीएसआर विभाग नाक मुरडेल, ‘हा तर पगारच झाला’ म्हणेल. तिथे ठाम राहा. तुम्ही महिन्यातून दोन शनिवार याल, पण पाणी कधी येतं, कोण कुठल्या पाळीला जातं, कुणाचा नवरा दवाखान्याला जाऊ देत नाही, हे त्या दोघींनाच माहीत असतं. शनिवारही त्यांनाच ठरवू द्या. पाण्याच्या वेळेत गेलात तर एकही दार उघडणार नाही.

कंपनीशी बोलताना एक नियम माहीत असू द्या : कर्मचाऱ्यांनी दिलेले तास पैशांत मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत. त्यामुळे ‘आमचे तास धरा आणि रक्कम कमी द्या’ हा हिशेब चालणार नाही. वेळेची मागणी वेगळी करा : महिन्याला प्रत्येकी चार तास, भरपगारी, लेखी. तोंडी परवानगी पहिल्या तिमाहीच्या घाईत विरून जाते.

५०० च्या आकड्याऐवजी विभागाला काय दाखवायचं? दर तिमाहीला दोनच गोष्टी : नोंदलेल्या सगळ्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण दवाखान्यात आले आणि शेवटच्या मोजणीत किती जण १४०/९० च्या खाली होते. ‘नोंदलेल्या सगळ्यांपैकी’ हे सोडू नका. हरवलेली माणसं यादीतून काढून टाकली की टक्का सुंदर दिसतो, आणि मावशींसारखी माणसं नेमकी त्या काढलेल्या नावांतच असतात. पहिल्या तिमाहीत आकडा वाईट येईल, तो तसाच द्या.

आता मावशींबद्दल. हे पत्र वाचल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे करा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कंत्राटी कामगाराला ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) संरक्षण असतं. त्यासाठी वेतनाच्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरायचे असतात. कंत्राटदाराने भरलं नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्या कंपनीवर येते. एचआरकडून मावशींचा दहा आकडी विमा क्रमांक घ्या आणि ईएसआयच्या संकेतस्थळावर प्रत्येक महिन्याचं योगदान जमा झालंय का ते त्यांच्या घरच्यांसोबत बसून पाहा. संबंधित सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांचं योगदान असेल तर आजारपणात ७० टक्के वेतन वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतं. अर्धांगवायू हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं विमाधारक नोकरी आणि आधीच्या अशा चार सहामाही काळांत मिळून १५६ दिवसांचं योगदान असेल तर ९१ दिवस संपल्यावर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. उपचार सध्या दुसऱ्या रुग्णालयात चालू असतील तर तिथले सगळे कागद घेऊन कुणीतरी याच आठवड्यात त्यांच्या ईएसआय दवाखान्यात जायला हवं. घरच्यांची नावं आणि आधार क्रमांक ईएसआयच्या कार्डाला जोडलेले आहेत का, तेही तिथेच पाहा. मग इमारतीतल्या सगळ्या सफाई, सुरक्षा आणि कँटीन कामगारांची हीच तपासणी करा. याला सीएसआरचा पैसा लागत नाही, लावताही येत नाही. एचआरमधल्या एका माणसाचे दोन दिवस लागतात.